संत सावता माळी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण नावाचे एक गाव आहे. तेथे इ. स. १२५० मध्ये सावता माळी यांचा जन्म झाला, असे मानतात. घराण्यात मळ्याचे काम आणि विठ्ठलाची भक्ती ही दोन्ही पूर्वीपासून चालत आलेली होती. संत ज्ञानेश्वर व संत नामदेव हे त्यांचे समकालीन होत.

यज्ञयाग, व्रते आणि तीर्थयात्रा यांवाचून देव भेटत नाही, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. मग दिवसभर कष्टणाऱ्याने देवासाठी सवड कोठून काढावी? पंढरपूर अरणपासून फार दूर नव्हते. परंतु आषाढी वारीच्या वेळी मळ्यात खुरपणीची घाई असे आणि कार्तिकी वारीच्या वेळी पिकाला पाणी द्यावे लागे. चार दिवस दुर्लक्ष झाले, तर कोवळी रोपे माना टाकीत. वारीला जावे तर पीक जाते आणि पीक राखावे तर वारी चुकते, असा हा पेच होता.

सावता महाराजांनी तो आपल्या आचरणाने सोडविला. त्यांनी मळ्यालाच पंढरी मानले. पहाटे मोट सुरू होई. विहिरीचे पाणी पाटातून झुळझुळत येई. एक वाफा भरला, की माती ओढून त्याचे तोंड बंद करावयाचे आणि दुसऱ्या वाफ्याचे उघडावयाचे. हे काम करीत असता मुखी विठ्ठलाचे नाम चाले. रोपाला घातलेले पाणी त्यांना देवाच्या पूजेइतकेच पवित्र वाटे. भाजीपाला, मोट, विहीर हे मळ्यातील नेहमीचे शब्द त्यांच्या अभंगांतही आले. त्यांचे सदतीस अभंग आज उपलब्ध आहेत.

सावता महाराज पंढरपुरास कधी गेले नाहीत; विठ्ठलच त्यांना भेटावयास मळ्यात आला, अशी आख्यायिका आहे. इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीस अरण येथे त्यांनी देह ठेवला. तेथेच त्यांची समाधी आहे.

इतर संतांच्या पालख्या आषाढात पंढरपुरास जातात. अरणला मात्र पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी येते. मळ्यातील काम न सोडणाऱ्या या भक्ताच्या भेटीस देव स्वतः येतो, अशी लोकांची श्रद्धा आहे.