मुहंमद इक्बाल : अक्ल आणि इश्क

भारतातील शाळांतून आजही गायिल्या जाणाऱ्या ‘तराना-ए-हिंदी’चे कवी म्हणून मुहंमद इक्बाल आपल्या परिचयाचे आहेत. प्रस्तुत घटकात आपण त्यांचा विचार तत्त्वचिंतक कवी म्हणून करणार आहोत. अक्ल म्हणजे बुद्धी आणि इश्क म्हणजे प्रेम. या दोहोंतील नाते हा त्यांच्या काव्याचा आयुष्यभराचा विषय होता.

इक्बाल यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७७ रोजी पंजाबातील सियालकोट येथे झाला. वडील शेख नूर मुहंमद शिवणकाम करीत; घरात सूफी विचारांची ओढ होती. मीर हसन यांच्याकडे अरबी-फारसीचे अध्ययन झाल्यावर इक्बाल लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात गेले. तेथे टॉमस अर्नोल्ड यांनी त्यांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे वळवले. १९०५ मध्ये ते युरोपात गेले. केंब्रिज येथे तत्त्वज्ञान शिकले, लंडनमध्ये बॅरिस्टर झाले आणि इराणातील तत्त्वमीमांसेवरील प्रबंधासाठी म्यूनिक विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. असा कवी बुद्धीच्या मर्यादा सांगतो तेव्हा त्यामागे विद्येचे वावडे नसते, हे ध्यानात घ्यावे.

‘अक्ल-ओ-दिल’ ही कविता युरोपात जाण्यापूर्वीची. तीत बुद्धी आपण वाट दाखवतो असा अभिमान मिरवते. हृदय तिचे कर्तृत्व नाकारत नाही. बुद्धीला जे समजते ते आपण प्रत्यक्ष पाहतो, एवढाच त्याचा दावा आहे. पुढे ‘असरार-ए-खुदी’ (१९१५) या फारसी काव्यात इश्काला नवा अर्थ मिळाला. माणसाची ‘खुदी’, म्हणजे त्याचे स्वत्व, प्रेमाने बळकट होते असे त्यांनी मांडले. कर्मापासून दूर नेणाऱ्या सूफी वृत्तीवर त्यात टीका होती. हाफिजवरील टीकेने तर एवढे वादळ उठले की पुढील आवृत्तीत त्यांनी तो भाग गाळला.

मराठी वाचकाला येथे संतकाव्यातील ज्ञान आणि भक्ती आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना घाईने करू नये. इक्बाल यांच्या इश्कात ‘मी’ विरघळत नाही. तो अधिक जागा होतो आणि निर्मितीला प्रवृत्त होतो. बुद्धी हिशेब करीत काठावर थांबते, प्रेम धोका पत्करते, असा त्यांचा आशय आहे. मात्र याच कवीने १९३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत विचार आणि अंतःप्रज्ञा यांचे मूळ एकच मानले. म्हणून त्यांना बुद्धिविरोधी ठरवणारे वाचन अपुरे वाटते.

त्याच वर्षी अलाहाबाद येथे मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून त्यांनी वायव्येकडील मुस्लिमबहुल प्रांतांचे एक राज्य व्हावे, असा विचार मांडला. ‘तराना-ए-हिंदी’च्या कवीचा हा प्रवास अनेकांना अस्वस्थ करतो, आणि अभ्यासकाने ही अस्वस्थता टाळू नये.

१९३३ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबाची मशीद त्यांनी पाहिली. तिच्यावरील दीर्घ कविता ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) या संग्रहात आहे. काळ सर्व काही पुसून टाकतो, पण प्रेमातून घडलेली कृती टिकते, हा विचार तीत सर्वांत समर्थपणे आला आहे. २१ एप्रिल १९३८ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले. तेथील बादशाही मशिदीजवळ त्यांची कबर आहे.