फारोख बुलसाराचा 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा'

वडोदऱ्याहून रेल्वेने मुंबईला जाताना वाटेत वलसाड लागते. या गावाचे इंग्रजी अमदानीतले नाव बुल्सर. बुलसारा हे पारशी आडनाव त्यावरूनच आले. 'क्वीन' या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बुलसारा. मुलुखाबाहेर पिढ्या काढूनही आडनावात गाव जपणाऱ्या आपल्या मंडळींना त्याची गोष्ट परकी वाटणार नाही, म्हणून या वेळी आम्ही त्याचे चरित्र निवडले.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांजिबारचा. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. पोरगा आठेक वर्षांचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला समुद्रापलीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. तिथल्या वसतिगृहात तो पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, आणि फ्रेडी हे नावही त्याला तिथेच पडले. पुढे मुलाखतींतून तो या दिवसांबद्दल फारसे बोलत नसे. पण ज्या बोटांनी पुढे जग गाजवले ती पाचगणीत तयार झाली, हे आम्हाला विसरवत नाही.

१९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून निघाले आणि लंडनजवळ फेल्टमला नव्याने संसार मांडू लागले. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, बाजारात कपड्यांचा गाळाही चालवला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत बँड जमला. नाव त्याने सुचवले, बोधचिन्ह त्यानेच काढले, स्वतःचे आडनावही बदलून घेतले. जॉन डीकन वर्षभराने आला.

१९७५ पर्यंत त्यांची गाणी ब्रिटनभर वाजत होती, पण खिसे रिकामे होते. जुन्या व्यवस्थापनाशी केलेला करार अंगाशी आला होता. त्यातून सुटून त्यांनी 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' करायला घेतला. त्या काळच्या सर्वांत महागड्या अल्बमांपैकी हा एक. तो पडला असता तर बँड टिकणे कठीण होते. पहिलेच गाणे, 'डेथ ऑन टू लेग्ज', म्हणजे जुन्या व्यवस्थापकावर फ्रेडीने काढलेला सगळा राग. त्यातले गिटार आजही अंगावर येते.

मग 'बोहेमियन रॅप्सडी'. आधी पियानोवरचे संथ गाणे, मध्येच ऑपेरा, आणि पाठोपाठ तडाखेबंद हार्ड रॉक. ऑपेराचा भाग फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच गायला. चोवीस ट्रॅकच्या टेपवर आवाजावर आवाज इतक्यांदा चढवले की टेपचा लेप झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले म्हणतात. सिंथेसायझर मात्र कुठेही नाही, हे वेष्टणावर छापलेलेच आहे! झांजिबारच्या गल्ल्यांत रोज कानी पडणारा एक अरबी शब्द त्या ऑपेरात येतो. आम्हाला तो त्याच्या बालपणातूनच आल्यासारखा वाटतो.

गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे. रेडिओवर एवढे लांब कोण वाजवणार, म्हणून ते कापा असा आग्रह झाला. बँड बधला नाही. केनी एव्हरेट या निवेदकाने ते एकाच शनिवार-रविवारी चौदा वेळा वाजवले, आणि ब्रिटनच्या यादीत ते नऊ आठवडे पहिले राहिले. अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढचे दौरे आणि १९८५ चा वेम्बलीतला 'लाइव्ह एड' सर्वांना ठाऊक आहेतच. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्समुळे तो गेला. आजाराची जाहीर कबुली त्याने आदल्याच दिवशी दिली होती. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि त्याला अग्नी देण्यात आला. त्याच डिसेंबरात 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा बाजारात आले, पाच आठवडे पुन्हा पहिले राहिले, आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले.