ख्रिस्तवासी बाबा पदमनजी व त्यांची यमुना

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या आसपास असे पुष्कळ जीव आहेत कीं, त्यांचा विश्वास अंतःकरणांत आहे, पण उंबरठ्याबाहेर आलेला नाहीं. कोणी रात्रीं दार लावून प्रार्थना करतो व सकाळीं भावकीच्या भीतीनें गप्प बसतो. कोणी सून माहेरीं शुभवर्तमान ऐकून आलेली असते, पण सासरीं प्रभूचें नांव तिच्या ओठांवर येत नाहीं. अशांना बोध करावयाचा तो कसा, हा प्रश्न आमच्या उपदेशक बंधूंना वारंवार पडतो. ज्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथम आपल्या आयुष्यांत शोधिलें आणि मग एका कथेंत मांडिलें, अशा पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. ते पुरुष म्हणजे ख्रिस्तवासी बाबा पदमनजी. आणि ती कथा म्हणजे १८५७ सालीं प्रसिद्ध झालेलें यमुनापर्यटन. मराठींतील पहिली कादंबरी असा तिचा मान बहुतेक विद्वान् मान्य करितात.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांव येथें कासार कुळांत झाला. वडील सरकारी नोकरींत होते. घरांत पूजाअर्चा, व्रतें, उपवास व पुराणश्रवण हीं नित्याचीं होतीं, आणि त्या वातावरणांत वाढलेले बाबा लहानपणीं मोठे भाविक होते. आम्हीं हें मुद्दाम सांगतों. कारण पुष्कळांस वाटतें कीं, जो ख्रिस्ती झाला त्याला आपल्या वडिलांच्या धर्माची कधींच गोडी नव्हती. बाबांची गोष्ट तशी नव्हती. ज्या देवघरापुढें त्यांनीं मनोभावें हात जोडले होते, तेंच त्यांना पुढें सोडावें लागलें. म्हणून त्यांच्या मनांतील झगडा खरा होता व दीर्घ होता.

बेळगांवांत लंडन मिशनची शाळा होती. तेथें पवित्र शास्त्राची त्यांना प्रथम ओळख झाली. पुढील शिक्षण मुंबईस झालें. तेथें फ्री चर्च मिशनच्या विद्यालयांत डॉ. मरे मिचेल व रेव्ह. नारायण शेषाद्रि यांचा सहवास त्यांना लाभला. हे नारायणराव जन्मानें ब्राह्मण असून १८४३ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच सालीं त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाहि त्या मार्गानें जावयाचें होतें. परंतु न्यायालयानें त्याला वडिलांच्या स्वाधीन केलें. मग त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून मुंबईच्या ब्राह्मणमंडळींत मोठा वाद माजला. त्या काळीं एका पोराच्या विश्वासावरून सारें शहर कसें हालत असे, हें यावरून ध्यानांत येईल. पुढें १८५० सालच्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला खरा. पण आईच्या डोळ्यांतलें पाणी व भावकीचें तोडलेलें पाणी यांवर कोणत्या कायद्याची मात्रा चालणार?

अशा वेळीं तरुण बाबांना एक मधली वाट दिसली. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा नांवाची एक गुप्त मंडळी निघाली होती. दादोबा पांडुरंगांसारखे नामांकित विद्वान् तिचे पुढारी होते. देव एक आहे व मनुष्यमात्र एक जात आहे, असें सभासद मानीत. आणि जातिभेद टाकिल्याची खूण म्हणून परजातीच्या हातची भाकरी एकत्र बसून खात. परंतु हें सारें बंद दाराआड चाले. दार उघडून बाहेर पडले कीं, प्रत्येक जण आपापल्या जातीचा. बाबाहि ह्या सभेंत शिरले. तत्त्व चांगलें होतें, सोबती चांगले होते. पण दाराआड जें खरें, तें दाराबाहेर खोटें कसें, ह्या विचारानें त्यांचें मन पोळूं लागलें. येशूवर विश्वास तर बसला आहे; मग घरांत, जातींत राहूनच त्याचें भजन कां करूं नये, असेंहि त्यांनीं मनाशीं पुष्कळ घोळविलें. अखेरीस मधली वाट सोडून १८५४ सालीं त्यांनीं बेळगांव येथें उघडपणें बाप्तिस्मा घेतला. इकडे १८६० च्या सुमारास परमहंस सभेच्या सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि भयानें ती सभाच मोडून गेली. जें नांव उघड झाल्याबरोबर मोडतें, त्यावर घर बांधतां येत नाहीं, हा धडा त्यांत आहे.

बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनीं यमुनापर्यटन बाहेर आलें. स्त्रियांच्या दुःखाकडे बाबांचें लक्ष पूर्वींच गेलें होतें. बाप्तिस्म्याच्या आधीं, १८५२ सालीं, त्यांनीं स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता. त्यांतच १८५६ सालीं पंडित ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनें विधवाविवाहाचा कायदा झाला. कागदावर वाट मोकळी झाली होती. पण घराघरांतून विधवांचें केशवपन चालूच होतें. ही स्थिति लोकांस कशी दाखवावी? निबंध शास्त्री वाचतील, गोष्ट सर्व ऐकतील; म्हणून बाबांनीं गोष्ट लिहिली.

कथा थोडक्यांत अशी. यमुना ही मिशनच्या शाळेंत शिकलेली मुलगी. लग्न होऊन सासरीं आली, तरी शाळेंत ऐकलेलें तिच्या मनांतून गेलें नाहीं. तिचा जीव येशूकडे ओढ घेतो. तिचा पति विनायक सुशिक्षित व कोमल मनाचा असून तिला अनुकूल आहे. दोघें प्रवासास निघतात. ठिकठिकाणीं त्यांना विधवा भेटतात: कोणी बालवयांत कपाळ पुसलेली, कोणी सासरच्या जाचानें गांजलेली, कोणी फसवून आडमार्गास लाविलेली. प्रत्येकीची कहाणी यमुना ऐकते व तिचें बालपण एकेक पाकळी गळावी तसें गळत जातें. मग विनायक मरण पावतो, आणि जी दुसऱ्यांच्या दुःखाची साक्षी होती, ती स्वतःच त्या दुःखांत पडते. आतां केशवपनाचा प्रसंग तिच्यावरच येऊं पाहतो. अखेरीस यमुना उघडपणें ख्रिस्ती होते व पुढें एका ख्रिस्ती गृहस्थाशीं तिचा पुनर्विवाह होतो.

ह्या कथेंतील खुणा आमच्या वाचकांनीं नीट ओळखाव्या. पहिली खूण प्रवासाची. जॉन बन्यनचें यात्रेकरूचें पुस्तक हरि केशवजींनीं १८४१ सालींच यात्रिकक्रमण ह्या नांवानें मराठींत आणिलें होतें. बन्यनचा यात्रेकरू बायकामुलांस मागें टाकून स्वर्गीय नगरीकडे एकटा धांवतो. बाबांची यमुना कोणास मागें टाकीत नाहीं. ती दुसऱ्यांच्या ओसरीवर बसते, त्यांचें ऐकते, आणि ऐकतां ऐकतांच तिची वाट पुढें सरकते. शेजाऱ्याचें दुःख टाळून प्रभूकडे जाणारी वाट ह्या पुस्तकांत नाहीं. दुसरी खूण केसांची. केशवपन म्हणजे केवळ केस काढणें नव्हे. ही बाई आतां घरांत असूनहि घराची नाहीं, असा तिच्या देहावर मारलेला तो शिक्का. यमुनेवर तो शिक्का मारूं पाहणारे लोक परके नसतात, आपल्याच घरचे असतात. त्यांना तें पुण्य वाटतें. म्हणून ह्या कथेंतील धर्मकलह रस्त्यावरचा नाहीं. तो स्वयंपाकघरांतला, माजघरांतला व शेवटीं एका तरुण स्त्रीच्या छातींतला आहे. तिसरी खूण नांवाची. यमुना ही लोकांना पवित्र वाटणारी नदी. नदी उगमापाशीं थांबली तर तिचें डबकें होतें. वाहिली तरच ती नदी. यमुनेचा गुप्त विश्वास पुस्तकाच्या आरंभीं आहे तेथेंच राहिला असता, तर पर्यटन झालेंच नसतें.

तिच्या मनांतील झगडा बाबांना इतका नीट कां लिहितां आला, हें आतां सांगावयास नको. परमहंस सभेचें बंद दार त्यांनीं पाहिलें होतें. पुरुष असूनहि, शिकलेले असूनहि, त्या दारांतून बाहेर पडावयास त्यांना वर्षें लागलीं. मग ज्या सुनेच्या हातीं किल्ली नाहीं, पैसा नाहीं, माहेरीं परत जाण्याची मुभा नाहीं, तिला किती जड गेलें असेल! म्हणून यमुनेच्या भीतीला ते कोठेंहि हिणवीत नाहींत.

पुस्तकांत उणिवा नाहींत असें नाहीं. मध्येंच पात्रें थांबतात व प्रवचन सुरू होतें, वादविवाद लांबतात, हिंदु धर्मावर टीका करतांना लेखणी कडक होते. कादंबरीपेक्षां ही प्रचाराची पुस्तिकाच अधिक, असें कित्येक टीकाकारांनीं म्हटलें आहे, व त्यांत तथ्य आहे. शिवाय विधवांचा कळवळा केवळ ख्रिस्ती लोकांनाच आला असेंहि कोणी समजूं नये. जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें. कोंकणचे धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह केला व १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम स्थापिला. आपल्या पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें व पुढें केडगांवास मुक्तिसदन उभें केलें. ह्या सर्वांच्या आधीं मराठी वाचकाला विधवेच्या ओसरीवर नेऊन बसविलें तें बाबांनीं. एवढें श्रेय त्यांचें निर्विवाद आहे.

पुढील आयुष्य त्यांनीं मंडळीच्या व लेखणीच्या सेवेंत घालविलें. पुण्यास फ्री चर्चच्या मंडळीचे ते कांहीं वर्षें पाळक होते. नंतर तें काम सोडून ग्रंथलेखनासच त्यांनीं वाहून घेतलें. १८६० सालीं शब्दरत्नावली हा कोश व १८६३ सालीं मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाचा संक्षेप त्यांनीं सिद्ध केला. सत्यदीपिका व उदयप्रभा हीं नियतकालिकें चालविलीं, नव्या करारावर टीका लिहिली. त्यांचीं लहानमोठीं पुस्तकें शंभरांवर आहेत. १८८८ सालीं अरुणोदय हें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. २९ ऑगस्ट १९०६ रोजीं ते प्रभूजवळ गेले.

अरुणोदय हें नांव त्यांनीं विचार करूनच ठेविलें असावें. महाड तालुक्यांतल्या तळीयेसारख्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवच्या लोकांना त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं. पूर्वेला डोंगराची भिंत. सूर्य उगवला तरी प्रथम कडे उजळतात, मग उतार, आणि वाडीच्या अंगणांत ऊन येतें तें फार उशिरां. पण कडा उजळला म्हणजे दिवस उगवला यांत संशय राहत नाहीं. बाबांच्या मनांत उजेड असाच हळूहळू उतरला. म्हणून उपदेशक बंधूंनीं गुप्त विश्वासणाऱ्याला उतावीळपणें दटावूं नये. निकदेम प्रभूकडे रात्रीं आला, तरी प्रभूनें त्याला परत लाविलें नाहीं; आणि प्रभूच्या देहाला गंधरस घेऊन जेव्हां तो आला, तेव्हां तो उघडपणें आला. धीर धरावा, सोबत करावी. मात्र वाडीपर्यंत ऊन आल्यावरहि जो दार लावून बसतो, त्याला दार उघडण्यास सांगावें.

ह्या भागाशीं त्या कार्याचा एक जुना धागाहि आहे. पोलादपूर व महाड यांवरून वाहणारी सावित्री जेथें समुद्रास मिळते, त्या बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी उतरले. पुढें तें कार्य मुंबईस व पुण्यास गेलें आणि १८४३ नंतर फ्री चर्च मिशन म्हणून चाललें. त्याच मिशनच्या विद्यालयांत बाबा शिकले व त्याच मिशनच्या मंडळीचे पाळक झाले.

आतां शेवटचा प्रश्न आमचा आम्हांलाच. केशवपन गेलें, पण विधवेचें दुःख गेलें काय? तळीयेवर २२ जुलै २०२१ रोजीं डोंगर कोसळला व ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. अशा घातानंतर मागें राहिलेल्या बाईच्या बांगड्या फोडावयास शेजारणी धांवतात, कीं तिच्या पोरांना भाकर द्यावयास, यावरून त्या गांवचा धर्म कळतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, विधवेचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें व मंगळसूत्र तोडणें ह्या प्रथा आपल्या गांवांत बंद. आणि मग सरकारनेंहि तो कित्ता सर्व ग्रामपंचायतींपुढें ठेविला. यमुनापर्यटनानंतर १६५ वर्षांनीं एका गांवानें हें उघडपणें म्हटलें, याबद्दल आम्हीं त्यांचे आभार मानावे. पण आमच्या मंडळ्यांतूनहि विधवेला लग्नाच्या मांडवांत मागें बसविलें जातें, नव्या नवरीला तिचा हात लागूं नये म्हणून जपलें जातें, हें आम्हांस ठाऊक नाहीं काय? बाप्तिस्मा कपाळावर झाला व जुनी रूढि मनांत राहिली, तर आमचाहि विश्वास परमहंस सभेसारखाच दाराआडचा ठरेल.

उपदेशक बंधूंस आमची विनंति अशी. पुढल्या उपासनेच्या आधीं आपल्या वाडींतील प्रत्येक विधवेच्या ओसरीवर जाऊन बसा. प्रथम बोलूं नका, यमुनेप्रमाणें ऐका. मग येत्या लग्नांत मंडळीच्या वडिलांनीं तिला हाताला धरून पुढें बसवावें, व वधूवरांस पहिला आशीर्वाद तिच्याकडून देववावा. प्रभु आपणां सर्वांस तें धैर्य देवो.