गाढवाला गंगा पाजणारे संत एकनाथ महाराज



आपल्या शाळेत दिवसभरात गाढव हा शब्द किती वेळा ऐकू येतो, हे कुणी मोजलंय का? गणित चुकलं की गाढव, पाटी विसरली की गाढव, पाय घसरून पडलं तरी गाढव. ज्या जनावराच्या नावानं आपण एकमेकांना चिडवतो, त्याच जनावरासाठी एका थोर माणसानं हजार किलोमीटरहून लांबून आणलेलं गंगेचं पाणी ओतून दिलं. तो थोर माणूस आपल्याच मराठवाड्यातला. पैठणचे संत एकनाथ महाराज. लोक त्यांना प्रेमानं नाथ म्हणतात. आज त्यांचं चरित्र थोडक्यात सांगते.

नाथांचा जन्म इ. स. १५३३ साली गोदावरीकाठी पैठण येथे झाला. वडिलांचं नाव सूर्यनारायण आणि आईचं नाव रुक्मिणी. पंढरपूरची विठ्ठलाची मूर्ती विजयनगरहून परत आणली असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते संत भानुदास म्हणजे नाथांचे पणजोबा. नाथ अगदी तान्हे असतानाच आईवडील वारले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वती यांनी त्यांना वाढवलं. म्हणजे बघा, एवढा मोठा संत, पण आईच्या हातचा घास काही त्यांना मिळाला नाही. कदाचित म्हणूनच कुणी पोरकं, कुणी टाकलेलं दिसलं की त्यांचा जीव कळवळत असेल, असं मला वाटतं.

लहानपणापासून नाथांना वाचनाची आणि कीर्तनाची गोडी. मोठ्या गुरूंकडे शिकावं म्हणून ते देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी किल्ल्याचे मोठे अधिकारी होते. नाथ त्यांच्याकडे राहून सेवा करत, अभ्यास करत आणि हिशेबही लिहीत. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ रात्रभर दिव्याजवळ बसून ती चूक शोधत राहिले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळ्याच वाजवल्या. गुरूंनी त्यांना समजावलं की एका पैसाठी जसं मन लावलंस, तसंच देवासाठी लाव. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. आपण मात्र उत्तर चुकलं की पान उलटून मोकळे होतो.

पुढे गुरूंच्या आज्ञेनं नाथांनी तीर्थयात्रा केली आणि पैठणला परत येऊन संसार मांडला. पत्नीचं नाव गिरिजाबाई. त्यांना गोदा आणि गंगा या दोन मुली आणि हरिपंडित हा मुलगा. प्रसिद्ध कवी मुक्तेश्वर हे गोदेचे चिरंजीव, म्हणजे नाथांचे नातू. घर सोडून रानात गेलं तरच देव भेटतो असं नाथांनी मानलं नाही. घरात राहावं, कष्ट करावेत, पाहुण्याला जेवू घालावं आणि मुखानं देवाचं नाव घ्यावं, हीच त्यांची भक्ती.

आता मुख्य गोष्ट ऐका.

त्या काळी काशीहून गंगेचं पाणी आणून दक्षिणेत रामेश्वराला वाहायचं, हे मोठं पुण्य समजत. आगगाडी नव्हती, एस. टी. नव्हती. खांद्यावर कावड घ्यायची आणि पायी निघायचं. कावड म्हणजे बांबूची काठी आणि तिच्या दोन्ही टोकांना पाण्याचं भांडं. असं महिनोन् महिने चालायचं. ऊन लागो, पाऊस लागो, वाटेत ताप येवो, पण त्या पाण्याला जपायचं. स्वतःला तहान लागली तरी त्यातला थेंब घ्यायचा नाही.

नाथ अशाच यात्रेकरूंबरोबर कावड घेऊन चालले होते. भर दुपार. वाळू तव्यासारखी तापलेली. तिथं एक गाढव पडलेलं होतं. तहानेनं त्याचा जीव चालला होता. तोंडाला फेस, डोळे अर्धे मिटलेले, पाय झाडण्याचीही ताकद राहिली नव्हती. बाकीचे यात्रेकरू हळहळले असतील, पण कावडीला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. ते पाणी देवाचं होतं ना!

नाथांनी कावड उतरवली. गाढवाजवळ बसले आणि ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं. घोट घोट करत गाढव प्यालं. थोड्या वेळानं त्याला तरतरी आली, ते उठलं आणि चालू लागलं. बरोबरचे लोक चकित झाले. एवढ्या लांबून आणलेलं पाणी वाया गेलं, आता रामेश्वराला काय वाहणार, असं त्यांना वाटलं. नाथांना मात्र काही वाया गेल्यासारखं वाटलं नाही. रामेश्वर इथंच भेटला आणि त्यानं पाणी स्वीकारलं, अशी त्यांची भावना होती.

मित्रांनो, इथं थोडं थांबा. आपल्याकडे म्हण आहे, अडला हरी गाढवाचे पाय धरी. म्हणजे गरज पडली की माणूस गाढवाच्याही पाया पडतो. पण नाथ कुठं अडले होते? त्यांचं त्या गाढवापाशी काही काम नव्हतं. त्याच्या पाठीवर त्यांना ओझं लादायचं नव्हतं. ते कुणाचं होतं हेही विचारायची गरज त्यांना पडली नाही. काम नसताना पाणी पाजणं, हीच खरी दया.

नाथांची दया माणसांनाही तशीच मिळाली. नदीच्या तापलेल्या वाळवंटात एक मूल रडत होतं. ज्यांना त्या काळी लोक शिवून घेत नसत, अशा घरातलं ते मूल. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं, नाक पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. श्राद्धासाठी केलेलं जेवण त्यांनी भुकेल्या दलित बांधवांना वाढलं. त्यावरून गावातल्या मोठ्या लोकांनी त्यांच्यावर राग धरला, त्यांना त्रास दिला. पण नाथ ना चिडले, ना आपलं वागणं बदललं. त्यांची शांती एवढी मोठी की लोक त्यांना शांतिब्रह्म म्हणू लागले.

नाथांनी लेखनही खूप केलं. संस्कृत न येणाऱ्या साध्या माणसाला कळावं म्हणून ते मराठीत लिहीत. एकनाथी भागवत हा त्यांचा मोठा ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण झाला. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये चुका शिरल्या होत्या. त्या तपासून इ. स. १५८४ मध्ये त्यांनी शुद्ध प्रत तयार केली. एका पैची चूक शोधणारा मुलगा मोठेपणी असा उपयोगी पडला! रुक्मिणीस्वयंवर आणि भावार्थ रामायण हेही त्यांचेच. शिवाय त्यांची भारुडं आजही आपल्या गावागावांत होतात. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. ती तिथी म्हणजे नाथषष्ठी. त्या दिवशी पैठणला मोठी यात्रा भरते.

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव दिलेलं आहे. त्या धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी आपल्या परभणी जिल्ह्यात येतं. आपल्या येलदरीच्या धरणातली पूर्णा नदीही पुढं जाऊन गोदावरीलाच मिळते. म्हणजे नाथांची गोदामाई आणि आपली पूर्णा या मायलेकीच. आपण धरणाच्या गावची मुलं. पाण्याची गोष्ट आपण नाही ऐकायची तर कुणी ऐकायची?

आता एक खरी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण गुरुजी म्हणाले की लिही.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला रस्त्याच्या कडेला एक म्हातारं गाढव उभं असायचं. पाठीवर ओझ्यानं पडलेली जखम, त्यावर माश्या. मागचा एक पाय सुजलेला. मालकाचं काम आता टेम्पोवर होत होतं, म्हणून त्यानं त्याला सोडून दिलेलं. मुलं येताजाता त्याला खडे मारायची. एकदा मीही मारला. खडा कानाजवळ लागला. ते पळालं नाही, ओरडलंही नाही. नुसती मान खाली घातली. सगळे हसले, मीपण हसले.

दोनच दिवसांनी नाथषष्ठी आली. परिपाठाला गुरुजींनी वरची गोष्ट सांगितली. माझ्या पोटात गलबलून आलं. नाथांनी गंगा पाजली आणि मी खडा मारला! शाळा सुटल्यावर आम्ही चौघींनी घमेलं भरून पाणी नेलं. त्यानं तोंड घातलं ते घमेलं रिकामं होईपर्यंत वर काढलं नाही. आम्ही अजून दोन वेळा भरून आणलं. इतके दिवस ते तहानेलं उभं होतं आणि आम्ही शेजारून खिदळत जात होतो.

गुरुजींनी १९६२ या नंबरावर फोन लावला. जनावरांच्या उपचारासाठी हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी जखम धुऊन औषध लावलं आणि तोंड उघडून दात दाखवले. दात झिजून गेले होते. त्यांनी सांगितलं की नीट सांभाळलं तर गाढव पंचवीस-तीस वर्षं जगतं, पण म्हातारपणी त्याला कडक कडबा चावत नाही. कोवळं गवत द्यावं, कोंडा भिजवून द्यावा, स्वच्छ पाणी आणि सावली द्यावी. खूर वाढले की कापावे लागतात, नाहीतर चालताना दुखतं. आणि गाढव आपलं दुखणं दाखवत नाही. गप्प उभं राहतं. म्हणून लोकांना वाटतं, त्याला काही होत नाही.

मालकही आले. आम्हाला वाटलं, भांडण होणार. पण ते खाली बसले आणि म्हणाले की घरात पोरांचंच भागंना, बिनकामाच्या जनावराला काय घालू. त्यांचंही खोटं नव्हतं. मग असं ठरलं की रात्री त्यांनी त्याला छपरात बांधायचं आणि आम्ही पाळीपाळीनं गवत नि कोंडा द्यायचा. माझी आजी आधी कुरकुरली, नंतर स्वतःच भाकरीचे तुकडे राखून ठेवू लागली. ते गाढव पावसाळाभर जगलं. दसऱ्यानंतर एका सकाळी ते मेलं. पण छपरात, गवतावर मेलं. रस्त्यावर खडे खात नाही मेलं.

पालकांनो, गाढवं आता फार थोडी उरली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात फक्त सव्वा लाखाच्या आसपास गाढवं मोजली गेली. आधीच्या २०१२ च्या गणनेत ती तीन लाखांवर होती. टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, गाढवाचं काम गेलं. जेजुरीला आणि मढीला गाढवांचा बाजार भरतो, आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या यात्रेत घोडे येतात. तिथं तरण्या जनावराला भाव असतो. म्हाताऱ्याला कोण विचारतो?

कायदाही आहे बरं का. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. गाढवावर ५० किलोपेक्षा, तट्टावर ७० किलोपेक्षा आणि खेचरावर २०० किलोपेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि विश्रांती न देता सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. ऊन ३७ अंशांच्या वर गेलं की दुपारी १२ ते ३ जनावराला जुंपायचं नाही. आपल्याकडे तर मार्चपासूनच पारा तिथं पोचतो. भर दुपारी वाळूत पडलेलं ते गाढव आठवा, म्हणजे हा नियम कशासाठी आहे ते कळेल.

बोध : आपल्याकडे गंगेची कावड नाही. पण घमेलं आहे, हापसा आहे, पूर्णामाईचं पाणी आहे. या उन्हाळ्यात प्रत्येकानं आपल्या दारापुढं जनावरांसाठी पाण्याचं एक भांडं ठेवावं. जनावर आपलं आहे का परक्याचं, कामाचं आहे का बिनकामाचं, हे विचारू नये. आणि जे बैल, जे घोडं, जे गाढव आयुष्यभर आपल्यासाठी राबलं, त्याला म्हातारपणी रस्त्यावर सोडू नये.

आणि हो, आमच्या वर्गात आता गाढव म्हणून कुणी कुणाला चिडवत नाही. चिडवलंच, तर चिडवणाऱ्यानं त्या दिवशी पाण्याचं भांडं भरायचं, असा नियम आहे.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, येलदरी