घरात माणसे किती?

अनंत चतुर्दशीची रात्र सरून ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट व्हायची होती, तेवढ्यात आमच्या लोहारा-किल्लारी पट्ट्यातली माळवदाची घरे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. पुढे कित्येक महिने पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली. मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. अशाच एका पाहणीत फॉर्म भरायचे काम मिळाले. सास्तूरच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या एका म्हातारीला मी विचारले की, घरात माणसे किती? तिने बोटांवर मोजून नऊ सांगितली. शेडमध्ये तर ती आणि नातू, दोघेच. पुन्हा विचारले तर पुन्हा नऊच, या वेळी नावांसकट. मी रकान्यात दोन लिहिले आणि पुढच्या शेडकडे वळलो. फॉर्म बिनचूक होता. सात नावे मात्र कुठेच लिहिली गेली नाहीत.

हा सल घेऊनच पुढे मी इरावती कर्वे यांच्याकडे वळलो. 'युगान्त'मुळे त्या आपल्या घराघरांत माहीत आहेत. पण हातात मोजपट्टी आणि कॅलिपर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या इरावतीबाई फारशा कोणाला ठाऊक नसतात. माझे काम या दुसऱ्या बाईंपाशी होते.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते आणि मुलीला नाव दिले ते तिथल्या नदीचे. सात वर्षांच्या वयात तिची रवानगी पुण्याला हुजूरपागेत झाली. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती मुलीसारखी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्यावर मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. लग्न झाले महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी. गंमत अशी की, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्या सासऱ्यांना सुनेने जर्मनीला जाणे पसंत नव्हते. दिनकरराव पाठीशी उभे राहिले आणि १९२८ मध्ये बाई बर्लिनला गेल्या.

तिथे गुरू मिळाले ऑयगेन फिशर. पुढे नाझी राजवटीने ज्यांच्या वंशशास्त्राचा आधार घेतला, तेच हे गृहस्थ. कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते. हा फरक युरोपीय माणसात वेगळा आणि त्यातच त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व, अशी त्यांची कल्पना होती. ती सिद्ध करायचे काम या विशीतल्या मराठी मुलीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की, या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच गुरूच्या हातात. अशा वेळी माप जरासे इकडेतिकडे सरकवायचा मोह कोणालाही झाला असता. बाईंनी आकड्यांना आपल्या जागी राहू दिले.

म्हणून आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला, असे मात्र नाही. काही वर्षे एसएनडीटी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून काम करून १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्रातल्या जातीजातींतल्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजत सुटल्या. त्या मापांचे पुस्तक १९५१ साली निघाले. संख्याशास्त्राची बाजू त्यात वि. म. दांडेकरांनी सांभाळली होती. खरे सांगायचे तर या खटाटोपाची मला आजही अडचण वाटते. बर्लिनमध्ये जे पाहिले त्यानंतरही नाकडोक्याच्या मापांनी माणसांचे गट ओळखू पाहणे त्यांनी का चालू ठेवले, हे कोडेच आहे. शास्त्राने तो मार्ग पुढे बराचसा सोडला.

पण बाई मापांपाशी थांबल्या नाहीत. एकाच नावाच्या जातीतले पोटगट मापात वेगळे पडतात, एवढे आकड्यांनी सांगितले. का, ते आकडे सांगेनात. मग त्या लोकांच्या ओसरीवर बसल्या. मुलगी कोणाच्या घरी देता, पंगतीला कोण चालतो, चाक कसले वापरता, असे विचारू लागल्या. कुंभार म्हणून आपण सगळ्यांना एका नावात बसवतो. पण थोरल्या चाकावर मडके घडवणारे आणि लहान चाकावर घडवणारे यांच्यात सोयरीक होत नव्हती. यातून त्यांनी मांडले की, खरी जात म्हणजे आपसात लग्ने करणारे नातलगांचे वर्तुळ, आणि कुंभार, ब्राह्मण ही नावे अशा अनेक वर्तुळांची मोळी.

१९५३ साली आलेल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथासाठी त्यांनी देशभरच्या भाषांतले नात्याचे शब्द गोळा केले. उत्तरेत सून परक्या घरातून येते, दक्षिणेत बहुधा ओळखीच्या. मधला महाराष्ट्र दोन्हीकडचे थोडे थोडे घेतो. आमच्या लोहाऱ्यापासून कर्नाटकाची हद्द जवळ. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही इथली घरोघरची गोष्ट एवढ्या मोठ्या नकाशात बसते, हे वाचून मी चकितच झालो.

आळंदीहून पंढरपूरला त्या दिंडीबरोबर चालत गेल्या, तेव्हा हातात कॅलिपर नव्हता. एका दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एका गळ्याने अभंग म्हणत होते आणि मुक्कामाला चुली वेगळ्या मांडत होते. हे कुठल्या फॉर्ममध्ये सापडले असते? जेवणाबद्दल विचारले असते तर फक्त चुली दिसल्या असत्या, अभंगांबद्दल विचारले असते तर फक्त सूर.

पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या या बाईंचे अखेरच्या वर्षांतले एक मोठे काम होते कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी. कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेला तो अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी बाई गेल्या. कोयनेच्या लोकांना धरणाने उठवले, आमच्या लोकांना भूकंपाने. पण सरळ रेषेत आखलेल्या नव्या वसाहतीत चुलता एका टोकाला आणि पुतण्या दुसऱ्या टोकाला गेला की काय होते, हे आम्हीही पाहिले आहे.

मागच्या वर्षी मी सास्तूरला त्या म्हातारीच्या नातवाकडे गेलो. आता तोच दोन मुलांचा बाप आहे. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. वही काढून मी सात नावे विचारली. सहा त्याने सांगितली. सातवे, धाकट्या चुलतीच्या तान्ह्या मुलीचे, त्याला आठवेना. ते शेजारच्या काकूंनी सांगितले. बारशाला त्या होत्या.