नटवर्य नववे दांजुरो

जपानच्या काबुकी रंगभूमीवर नटाचे नाव हीच घराण्याची ठेव होय. इचिकावा घराण्यातील 'दांजुरो' हे नाव सतराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यांतील नवव्या दांजुरोंची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

यांचा जन्म १८३८ साली झाला. सातव्या दांजुरोंचे हे पाचवे पुत्र. तेव्हा कुलनाम वाट्यास येण्याची आशा थोडीच. तान्हेपणीच कावाराझाकी नाट्यगृहाच्या चालकांनी त्यांस दत्तक घेतले व मोठ्या करड्या शिस्तीत वाढविले. १८४२ साली जन्मदात्या पित्यास डामडौलाच्या आरोपावरून सरकारने एदो नगरीतून हद्दपार केले. १८५४ साली वडील बंधू आठवे दांजुरो यांनी आत्मघात केला. १८६८ साली दत्तक पित्याची दरोड्यात हत्या झाली. अशा आघातांनंतर १८७४ साली ते मूळ घराण्यात परतले व नववे दांजुरो झाले.

ऐतिहासिक नाटकांत पोशाख, शस्त्रे, रीतिरिवाज त्या त्या काळाचेच असावेत असा त्यांनी आग्रह धरला. विद्वानांनी वाखाणणी केली, पण प्रेक्षक कंटाळले! आमच्या मते दोष प्रेक्षकांचा नव्हे. रंगभूमीवर नुसत्या अचूकपणाने रस उत्पन्न होत नाही. पुढे ते जुन्या नाटकांकडे वळले.

त्यांपैकी 'कांजिन्चो' हे त्यांच्या पित्यानेच १८४० साली रंगभूमीवर आणलेले. स्वामी योशित्सुने यास हमालाच्या वेषात नाक्यापार नेताना बेंकेई कोऱ्या गुंडाळीवरून दानपत्र खडाखडा वाचतो आणि संशय फिटावा म्हणून स्वामीलाच काठीने बडवितो. ही बेंकेईची भूमिका दांजुरोंनी एप्रिल १८८७ मध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए यांच्या निवासस्थानी साक्षात सम्राट मेइजी यांच्यापुढे केली. पित्याच्या हद्दपारीस तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

१८९९ साली पाचवे किकुगोरो यांच्यासह 'मोमिजिगारी' नाटकातील त्यांच्या नृत्याचे चलच्चित्र घेण्यात आले. दांजुरोंस हा नवा खटाटोप रुचत नव्हता. आपल्या हयातीत ते दाखवू नये, या बोलीवर ते तयार झाले. चित्रण उघड्यावर चालले असता वाऱ्याने हातातला पंखा उडाला; पुन्हा चित्रण झाले नाही. १९०३ साली ते आजारी पडल्यामुळे ओसाकास त्यांच्याऐवजी हेच चित्र दाखविण्यात आले. त्याच वर्षी १३ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. ते चित्र आजही जपून ठेवलेले असून, २००९ साली जपान सरकारने त्यास महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. निसटलेला पंखा त्यात अजून दिसतो.