समुद्र कुणाचा? कान्होजींची गोष्ट

वीकेंडला अलिबागला गेलात की ओहोटी बघून चालत कुलाबा किल्ल्यात जाता ना? फोटो काढता, परत येता. पण याच पाण्यावर ३०० वर्षांपूर्वी मोठं युद्ध झालं. भांडण एकाच प्रश्नाचं होतं : समुद्र कुणाचा?

कान्होजी आंग्रे यांचा जन्म १६६९च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. १६९८च्या सुमारास कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले. त्यांचा नियम सरळ होता. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं पैसे भरून दस्तक घ्यायचं. दस्तक म्हणजे परवाना. तो नसेल, तर गुराबा आणि गलबतं जहाज धरून आणणार.

आता गंमत बघा. पोर्तुगीज हेच काम ‘कार्ताझ’ नावानं कितीतरी आधीपासून करत होते. इंग्रजही स्वतःचे परवाने देत. पण कान्होजींनी तेच केल्यावर इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं!

१७१२मध्ये कान्होजींच्या आरमारानं थेट मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. पुढच्या वर्षी तह झाला. इंग्रज जहाजांना त्रास द्यायचा नाही, असं ठरलं. वाद मिटला असं वाटलं ना? नाही मिटला. इंग्रजांच्या जहाजात देशी व्यापाऱ्याचा माल असेल, तर ते जहाज इंग्रजी मानायचं की नाही? कान्होजी म्हणत, नाही. कंपनी म्हणे, हो. पुन्हा जहाजं पकडली गेली.

१७१५च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानं लढायचं ठरवलं. १७१७मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. १७१८मध्ये खांदेरीवर, तोही फसला. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौकाही सोबत होत्या. शाहू महाराजांकडून कुमक आली, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून टाकला आणि मोहीम बारगळली. १७२९मध्ये कान्होजी वारले, तोवर त्यांचा एकही मोठा किल्ला इंग्रजांना घेता आला नव्हता. त्यांच्यानंतर मुलांमध्ये भाऊबंदकी माजली. १७५६मध्ये विजयदुर्ग पडला, तोही पेशवे इंग्रजांच्या बाजूनं असताना.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर दक्षिण चीन समुद्राच्या बातम्या वाचा. आज कायदा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाची हद्द, २०० मैलांपर्यंत मासे, तेल अशा संपत्तीवर हक्क. २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं फिलिपिन्सच्या बाजूनं निकाल दिला, पण चीननं तो मानलाच नाही. तिथं आज जहाजं एकमेकांवर पाण्याचे फवारे मारतात, धडकतात. 

१७१३लाही तह होताच की! त्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला आणि चार वर्षांत तोफा धडाडल्या. पुढच्या वेळी कुलाब्याच्या तटावर उभे राहाल, तेव्हा एवढं आठवा.